तिसरा कॅचर

बेसबॉलच्या संघात कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारे, दोन ठेवावेत की तीन, यावर आमच्या शहरात न्हाव्याच्या दुकानापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत सगळीकडे वाद चालतो. ज्यांनी जन्मात कधी कॅचरचा मुखवटा घातलेला नाही, तेच सगळ्यात मोठ्यानं बोलतात. मी त्या वादात पडत नाही. पडलो की माझं डोकं फिरतं, कारण मला लॉयड पेट्रुस्का आठवतो.

तो आमचा तिसरा कॅचर होता. मी तेव्हा बुलपेनचा कोच. मैदानाच्या कडेला जाळीमागे राखीव पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, बियांची टरफलं थुंकत बसतात आणि वेळ आली की हात गरम करतात, त्यांच्यावर ओरडणारा म्हातारा म्हणजे मी. माझं नाव गस, पण ते कुणी फारसं घेत नसे.

तिसऱ्या कॅचरचं गणित साधं असतं. पहिला खेळतो, दुसरा बाकावर बसतो. आमच्या खेळात एकदा बाहेर काढलेला माणूस त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे पहिल्याला काढून दुसऱ्याला घालायला मॅनेजरची छाती होत नाही. दुसऱ्याला काही झालं तर चेंडू झेलायला कोण बसणार? म्हणून तिसरा. तो बाकावर आहे एवढ्या भरवशावर पहिल्या दोघांना हवं तसं वापरता येतं. आणि शेवटी कुणीतरी उरलंच पाहिजे, म्हणून तिसऱ्याला मात्र कधीच वापरायचं नाही. माणूस नुसता असावा, एवढीच त्याची नोकरी.

लॉयड पेनसिल्व्हेनियातल्या पोलादाच्या गावचा. विशीपासून खालच्या लीगमध्ये, बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपण्यात आयुष्य गेलेलं. गुडघे कुरकुरायचे, बोटं वाकडी झालेली, डोक्यावरचे केस मुखवट्यानं खाल्लेले. चौतिसाव्या वर्षी, जूनमध्ये आमच्या पहिल्या कॅचरचा, किरोझचा, गुडघा सुजला आणि लॉयडला वर बोलावणं आलं. सगळ्यात वरच्या लीगमध्ये, पहिल्यांदाच. किरोझच्या गुडघ्याची सूज आठवड्यात उतरली, पण गुडघा पूर्ण भरवशाचा राहिला नाही, म्हणून लॉयडही राहिला.

त्याला एकच गोष्ट हवी होती: एक डाव. पूर्ण सामना नको, धावा नकोत. एकदा नाव पुकारलं जावं, एकदा प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या पाठीशी कॅचरच्या जागी, बसायला मिळावं. वरच्या लीगमध्ये नाव नोंदवलं जायला तेवढं पुरतं. त्याहून कमी असेल तर तुम्ही तिथे होतात याला काही अर्थ नसतो.

आणि ते त्याला स्वतःपेक्षा म्हाताऱ्यासाठी हवं होतं. त्याचे वडील भट्टीवर चाळीस वर्षं काढून फुप्फुसं घालवून बसले होते. आता गावी खाटेवर पडून असत, उशाशी रेडिओ. लॉयडची बायको मार्लीन त्यांचं सगळं करायची. आमच्या शहराचं रेडिओ स्टेशन तिथवर खरखरत का होईना पोहोचायचं. म्हातारा रोज सामना ऐकायचा, पोराचं नाव येतं का म्हणून.

आमचा मॅनेजर व्हर्न हॅलोरन. मॅनेजरला आम्ही ‘स्किप’ म्हणतो. हा स्किप स्वतः जुना कॅचर, सावध माणूस, छत्री घेऊन चर्चला जाणारा. दहा धावांनी पुढे असलो तरी तो दुसऱ्या कॅचरला, मॅक्लिशला, उतरवायचा आणि लॉयडला बसवून ठेवायचा. मी एकदा बुलपेनमधून बाकाकडे जाणाऱ्या फोनवरून म्हटलं, “स्किप, आज तरी घाल की त्याला.”

“आणि त्याचं बोट मोडलं तर तू बसशील का प्लेटमागे? तुझं पोट बघ आधी.”

मी फोन आपटला. जाळीमागे पिचरांचे चेंडू झेलणाऱ्या लॉयडनं ऐकलं होतं. म्हणाला, “जाऊ दे गस. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.”

“तू त्याच्या जागी नाहीस, लेका! तू तुझ्या जागी आहेस!”

तो हसला आणि पुढचा चेंडू झेलायला उकिडवा बसला. याचा मला भारी राग यायचा.

ऑगस्टमध्ये एकदा आम्ही नऊ धावांनी मार खात होतो. शेवटचा डाव, दोन बाद, तिसरा गेला की संपलं. स्किपला काय वाटलं कोण जाणे, त्यानं लॉयडला सांगितलं, पुढचा फलंदाज तू. लॉयड बॅट घेऊन पुढच्या फलंदाजानं थांबायच्या वर्तुळात उभा राहिला. मी जाळीला नाक लावून बघत होतो. समोर खेळत होता बॉबी टेन्च, आमचा दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या दुसऱ्या टप्प्यावर, उभा राहणारा पोरगेला गडी. टेन्चनं चार चेंडू नुसते सोडले असते तरी फुकट पहिल्या बेसवर गेला असता आणि लॉयडची पाळी आली असती, कारण तो पिचर कुठेही फेकत होता. टेन्चनं पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवली. चेंडू वर उडाला, खाली आला, झेल, सामना संपला. वर्तुळात उभं राहिलेलं मोजत नाहीत.

आत टेन्च त्याच्यासमोर डोकं धरून उभा. “लॉयड, आई शप्पथ, चेंडू कलिंगडाएवढा दिसला रे.”

“कलिंगड असेल तर मारायलाच हवं,” लॉयड म्हणाला.

मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, उभा तरी राहिला ना! फोटो काढा रे कुणीतरी!” सगळे हसले, लॉयडही हसला. मी बूट फेकून मारला, नेम चुकला.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पिचर थकला की मॅनेजर मैदानात चालत जातो आणि विचारतो, “कसं काय?” पिचर नेहमी म्हणतो, “एकदम झकास.” हात खांद्यातून निखळून पडला तरी झकासच. म्हणून मॅनेजर त्याच्याकडे बघतच नाही, कॅचरकडे बघतो. कॅचरनं तोंडानं काही बोलायचं नसतं, पण त्यानं मान खाली घालून बुटानं माती उकरली की पिचर संपला. मग तो पिचर त्याचा सख्खा मित्र असो की मेहुणा. कॅचर इथे खोटं बोलला तर संघ चालतच नाही. हे आम्हाला लहानपणी प्रार्थनेसारखं शिकवतात.

कलिंगडाच्या सामन्यानंतर थोड्याच दिवसांनी हॅलोरननं लॉयडला खोलीत बोलावलं. मी तिथे कॉफीसाठी गेलो होतो, तसाच कोपऱ्यात उभा राहिलो.

“लॉयड, पिचर दमलेत. वरून म्हणतायत एक डावखुरा पिचर आणा. यादी पंचवीसची. कुणालातरी काढावं लागेल.” हॅलोरन टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता. “मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही. कॅचर म्हणून सांग. तीन कॅचर हवेत का मला?”

कुणी माणसाला असं विचारतं का? फाशीच्या माणसाला दोरी ओढून बघायला सांगावं तसं. मी मनात म्हणत होतो, बोल, हवेत म्हण. किरोझचा गुडघा दाखव, मॅक्लिशची पाठ दाखव, काहीही थाप मार.

लॉयडनं मान खाली घातली. खोलीत माती नव्हती, सतरंजी होती, तरी त्याचा बूट पुढेमागे झाला.

“पिचर आणा, स्किप,” तो म्हणाला.

हॅलोरनला वाईट वाटलं असावं. त्यानं लगेच सांगितलं, गावी जाऊ नकोस, बुलपेनमध्ये राहा, राखीव पिचरांचे चेंडू झेलायला माणूस लागतोच. पोशाख मिळेल, पगार मिळेल, फक्त यादीत नाव नसेल. खेळता येणार नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. “तुला काय मेडल मिळणार होतं रे? बापाला काय सांगशील?”

“त्यानं कॅचरला विचारलं ना,” तो म्हणाला. “मग काय सांगणार होतो?”

घरी त्यानं सांगितलंच नाही. संघाबरोबर आहे एवढंच म्हणाला, आणि ते खरंही होतं.

त्या रविवारी दुपारचा सामना. ऊन, मोहरीचा आणि उकडलेल्या सॉसेजचा वास, मैदान गच्च. आठव्या डावात बरोबरी. किरोझ पहिल्या बेसवर पोहोचला, पण त्या गुडघ्यानं तो पुढे काय धावणार? हॅलोरननं त्याला बाहेर काढला आणि त्याच्या जागी पळायला एक चपळ पोरगा घातला. त्याचा काही उपयोग झाला नाही. मग प्लेटमागे मॅक्लिश आला. मी जाळीमागून बघत होतो आणि माझ्याही डोक्यात काही आलं नाही. सबंध उन्हाळाभर आम्ही असंच तर करत आलो होतो.

बरोबरी सुटेना म्हणून डाव वाढत गेले. अकराव्या डावात चेंडू बॅटची कड घेऊन सरळ मॅक्लिशच्या उघड्या अंगठ्यावर बसला. अंगठा मागे वळला. त्याची किंकाळी आम्हाला जाळीमागे ऐकू आली.

बुलपेनमधला फोन वाजला. हॅलोरनचा आवाज घाईचा होता. “गस, पेट्रुस्काला पाठव.”

मी चेंडू झेलत बसलेल्या लॉयडकडे बघितलं.

“गस! ऐकतोयस ना? पेट्रुस्का!”

“स्किप,” मी म्हटलं, “तो यादीत नाही.”

त्या माणसानं तिसऱ्याला काढला होता आणि तिसरा बसलाय अशा थाटात सामना चालवला होता. मग तो हळूच म्हणाला, “टेन्च बसतो म्हणतोय. त्यानं कधी कॅचरचे पट्टे बांधलेले नाहीत. निदान लॉयडला पाठव, टेन्चला तयार करायला.”

लॉयडच्या अंगावर सगळं होतंच, तो पिचरचे चेंडू झेलत होता. मी त्याला सांगितलं. त्यानं मुखवटा काखेत मारून जाळीचं दार ढकललं आणि मैदानातून धावत निघाला. गुडघ्याचे आणि छातीचे पट्टे घातलेला एक कॅचर बुलपेनमधून धावत येतोय एवढंच लोकांना दिसलं. लोक उठून उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, नुसता गजर. बुलपेनमधल्या आमच्या छोट्या रेडिओवर निवेदक ओरडत होता, “आणि मैदानात येतोय लॉयड पेट्रुस्का! चौदा वर्षं खालच्या लीगमध्ये काढलेला लॉयड पेट्रुस्का!” त्याचं नाव मी रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं. मी तो रेडिओ भिंतीवर फोडायला हवा होता.

पंचानं हात आडवा केला. “तू कोण? माझ्या कागदावर नाहीस.”

“मी खेळायला नाही आलो,” लॉयड म्हणाला. हे मला टेन्चनं नंतर सांगितलं.

बाकाजवळ त्यानं अंगावरचा एकेक पट्टा सोडला आणि टेन्चला बांधला. आधी गुडघे, मग छाती. आपला ग्लोव्ह त्याच्या हातात घातला. “उजवा हात पाठीमागे लपव. डोळे मिटू नकोस. चेंडू जमिनीवर आला तर झेलू नकोस, अंगावर घे, पुढे पाड.” टेन्च म्हणाला, “लॉयड, मला नाही जमणार.”

“जमेल. आता कलिंगड नाही, संत्रं दिसेल. घाबरू नकोस.”

मग तो परत चालत आला, साध्या सदऱ्यात. लोकांना काय झालं ते कळलं होतं. कुणी हुर्यो केली नाही, तेच जास्त वाईट होतं.

टेन्चनं पाच-सहा चेंडू झेलले. मग एक खाली आला, त्यानं झेलायला हात घातला, चेंडू पायांतून मागे गेला आणि तिसऱ्या बेसवरचा माणूस पळत प्लेटवर आला, म्हणजे त्यांची धाव झाली. आमच्या पाळीत ती आम्हाला फेडता आली नाही आणि सामना गेला.

नंतर हॅलोरननं लॉयडला दारातच गाठलं. चेहरा पार उतरलेला. “तुला काढायला नको होतं मी.”

“मला काढलंत ते बरोबर होतं,” लॉयड म्हणाला. “किरोझला काढलंत ते चुकलं.”

सोमवारी खालच्या लीगमधून बावीस वर्षांचा एक कॅचर येणार असल्याचं वरच्यांनी संध्याकाळच्या आतच ठरवलं होतं. लॉयडचं नाव कुणी घेतलंही नाही. त्या नव्या पोराची बॅग आणायला रेल्वे स्टेशनवर कोण जाईल एवढाच प्रश्न होता, आणि लॉयड म्हणाला, मी जातो.

खोल्यांच्या मागच्या बोळात भिंतीवर फोन होता. मी कडेला सिगारेट ओढत होतो. मार्लीनचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होता. ती रडत होती की हसत होती, कळेना.

“आम्ही ऐकलं! तुझं नाव आलं! बाबा उठून बसले, लॉयड, मी हात न लावता उठून बसले! मग खरखर सुरू झाली, पुढचं काहीच लागलं नाही. बाबा म्हणाले, राहू दे, ऐकायचं ते ऐकलं, आणि झोपले. गाढ झोपलेत बघ, किती दिवसांनी. तू कसा खेळलास? ते उठल्यावर विचारणार. काय सांगू त्यांना?”

लॉयडनं कपाळ भिंतीला टेकलं. मी त्याचे बूट बघत होतो. ते हलले नाहीत.

“सांग, बरा खेळलो,” तो म्हणाला. “सांग, एक चेंडू सुटला माझ्याकडून, बाकी बरा खेळलो.”