लग्नाचं गाऱ्हाणं

जुनं इंग्रजी काव्य म्हणजे नुसत्या तलवारी आणि राक्षस, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अहो, मला त्यात आमची विक्रोळीची चाळच दिसायची! पुरुष भांडणार, मरणार आणि खापर दैवावर फोडणार. मग वैर मिटवायला राजाची मुलगी शत्रूच्या घरी सून म्हणून जाणार, भर सभेत पेले भरत फिरणार. तिला कोण विचारतंय!

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी हेच वाचत होते आणि नेमकं तेव्हाच स्थळ आलं. गावी ज्या शेजाऱ्यांशी बाबांचा कुंपणावरून कायमचा वाद, त्यांच्याच मुलाचं. सोयरीक झाली की वाद मिटेल, म्हणे. लग्न मे महिन्यात, नांदायचं गावी. म्हणजे माझी परीक्षा बुडालीच.

रविवारी बाबांनी देवाचा कौल घ्यायला गावच्या गुरवाला फोन लावला. स्पीकर चालू, सगळे हात जोडून उभे. गुरवाने आधी गाऱ्हाणं सुरू केलं. तो आपल्या वतीने देवाला सांगतो आणि प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आम्हा मालवणी पोरांना बोलता यायला लागल्यापासूनची ही सवय.

"ह्या चेडवाचा लगीन मे म्हयन्यात त्याच घरात होऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज त्या चेडवाचा, म्हणजे माझाच!

"बघ! देवासमोर हो म्हणालीस," बाबा खुश.

झालं, लागली वाट. मी अशी तापले म्हणून सांगू! सरळ फोन ओढून घेतला आणि मीच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, बाबांचो वाद बाबांकाच मिटवूक दे. माका माझी परीक्षा देऊक दे!"

आता ह्याला 'व्हय म्हाराजा' कोण म्हणणार? आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत.

"व्हय म्हाराजा!"

आई होती. बाबांसमोर कधी आवाज न चढवणारी माझी आई, चांगली खणखणीत ओरडली. मला रडूच फुटलं.

"कौल लावू काय?" तिकडून गुरव विचारत होता.

बाबा आईकडे बघत राहिले. मग फोनवर म्हणाले, "नको. आधी चेडवाक इचारूचा रवला."

आणि माझ्याकडे वळले. "बोल गो."