नत्थूजींच्या चपला आणि आमचं कॉम्प्युटर खातं

आम्ही जुने सहकारी भेटलो की चहा गार होतो आणि किस्से तापतात. कॉम्प्युटर खात्यात निम्मा वेळ मशीन सुरू व्हायची वाट बघण्यातच जायचा, मग किस्से साठणार नाहीत तर काय! ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. सीताबर्डीवरच्या आमच्या कापड कंपनीत मुंबईच्या हेड ऑफिसनं कॉम्प्युटर पाठवला. खोलीला काचा, आत एसी आणि दारावर पाटी, 'चपला बाहेर काढा.' धूळ मशीनला चालत नसे म्हणे. खरं सांगायचं तर आत कोणी आलेलं आम्हालाही फारसं चालत नसे.

*

गांधीबागेतल्या आमच्या डेपोचे मुख्य म्हणजे नत्थूजी. मे महिन्यात एका दुपारी ते आले, चपला काढल्या, मशीनला हात जोडले आणि कोपऱ्यात स्टुलावर बसले. बराच वेळ बसले. शेवटी आमची प्रोग्रामर शीला मेश्राम हिनं विचारलं, "नत्थूजी, काही काम होतं का?"

"नाही वं पोरी. बाहेर बहुत तपून राहिलं."

*

मग नवे मॅनेजर आले, बोकारे साहेब. पहिल्याच दिवशी म्हणाले, "दिवाळी झाली की हेड ऑफिसचे साहेब येणार आहेत. डेपोला उपयोग नसेल तर मशीन मुंबईला जाईल आणि हे खातं बंद."

शीलानं घरी भांडून ही नोकरी धरली होती. तिचा चेहरा उतरला. "पण साहेब, आपण दर महिन्याला डेपोला एवढा जाड रिपोर्ट पाठवतो की."

"चला तर, त्याचं काय करतात ते बघू."

रिपोर्ट शोधावा लागला नाही. डेपोतल्या प्रत्येक साडीच्या घडीत त्याचं एकेक पान होतं! नत्थूजींनी मनापासून दाद दिली, "कागद एक नंबर आहे तुमचा. शाई तेवढी कमी लावत जा, साडीले लागते."

*

दुसऱ्या दिवसापासून बोकारे साहेबांनी आम्हाला डेपोच्या गादीवर बसवलं. सकाळी गादी, दुपारी मशीन. तिथं कळलं की गिऱ्हाईक वांगी मागतं, जांभूळ मागतं, कांदा मागतं आणि आमच्या मशीनमध्ये हे सगळे रंग 'जांभळा' या एकाच नावाखाली कोंबलेले!

"नवरीच्या मायले वांगी पाहिजे अन् मी जांभूळ दिला, तर ते माझं डोकं फोडन," नत्थूजी म्हणाले. "काहून वं शीला, स्वयंपाक येत नाही का तुले?"

"येतो. पण प्रोग्रामात भाजी टाकायची वेळ पहिल्यांदाच येऊन राहिली."

तिनं सगळे रंग डेपोच्या नावांनी नव्यानं बसवले. जाड रिपोर्ट बंद झाला. कोणता रंग किती उरला, एवढंच एका पानावर रोज सकाळी डेपोत जाऊ लागलं. घड्यांना कागद मिळेना म्हणून नत्थूजी आठवडाभर रुसले, ते वेगळं.

*

कांदा नेमका कोणता, यावर एकदा दोन सेल्समन हातघाईवर आले. नत्थूजींनी बाजारातून खरा कांदा आणून आमच्या टेबलावर ठेवला. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याकडे बघितलं मात्र, बोकारे साहेब म्हणाले, "हात लावू नका. तो ऑफिसचा रेकॉर्ड आहे."

*

दिवाळीनंतर हेड ऑफिसचे साहेब आले. बूट बाहेर काढून मोज्यांवर खोलीभर फिरले. "काम छान आहे," ते म्हणाले, "पण हे मुंबईत बसूनही होईल." शीला खाली मान घालून उभी होती. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात धाडकन दार उघडलं. नत्थूजी! पायात चपला तशाच, नमस्कार नाही की काही नाही.

"काहून वं शीला, आजचं पान कुठं आहे? फोन लागत नाही म्हणून सायकल हाणत आलो. वांगी किती उरला सांग लवकर. तिकडे गिऱ्हाईक बसून राहिलं अन् तुम्ही इथं थंडी हवा खाऊन राहिले!"

साहेबांनी त्या धुळीनं भरलेल्या चपलांकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "काका, हे मशीन मुंबईला नेलं तर चालेल का तुम्हाला?"

"न्या ना. पण मग भांडायले मी रोज मुंबईले येऊ काय?"

साहेब बाहेर गेले, बूट घातले आणि बुटांसकट परत आत आले.

"आधी काकांचा वांगी बघा," ते शीलाला म्हणाले. "माझं नंतर."