थूल बाईंची भरदुपारची रात्र

शकुंतलाबाई थूल यांना मी प्रथम भेटलो तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसलाच नाही. सत्तरीचे दशक संपत आले होते, वर्ध्याची मे महिन्यातली दुपार होती. कीटकशास्त्राचा नवा विद्यार्थी म्हणून मी कॉलेजातल्या कोपऱ्यातल्या खोलीचे दार उघडले आणि आतून आवाज आला, "आधी दार लावा. इथं रात्र चालू आहे."

कपाशीवरच्या शेंदरी बोंडअळीचे पतंग बाईंनी त्या खोलीत पाळले होते. रात्रभर दिवे, दिवसा मिट्ट काळोख, असा त्यांचा दिवसच उलटा करून टाकला होता. मादी ठरावीक वेळीच गंध सोडते, नर त्या गंधामागे येतो, मग अंडी. ती वेळ कळली तर पतंग वावरात केव्हा शोधायचे हे शेतकऱ्याला सांगता येईल, एवढा साधा हेतू. पतंगांना उजेड जाणवू नये म्हणून बॅटरीला लाल कागद लावून बाई भरदुपारी पाहत बसत. कोणी चौकशीला आले की आमचे शिपाई महादेवराव गंभीर चेहऱ्याने सांगत, "बाई लग्नात बसल्या हायेत. आटोपलं का येतीन बाहेर." बाई हसत. काहींची थट्टा इतकी निर्मळ नसे. तिकडे त्या लक्षच देत नसत.

मला कावीळ झाली तेव्हा त्या सायकलवरून मुगाची खिचडी घेऊन रोज सेवाग्रामला दवाखान्यात येत आणि बुडालेला तासही घेत. आजाऱ्याला सुटी असते हे त्यांना मान्य नव्हते.

पण बाई खऱ्या कळल्या त्या त्यांच्या चुकीतून. थंडीने पतंग मरू नयेत म्हणून हिवाळ्यात त्या खोलीत हीटर लावत. उबेतले ते पतंग रात्र सरता सरता जुळत. तेवढ्यावर विसंबून बाईंनी रोहणा गावच्या शेतकऱ्यांना सांगितले, पहाटे कंदील घेऊन कपाशीच्या पऱ्हाटीत फिरा. पतंग दिसले तर फवारा, नाही तर औषध वाया घालवू नका. लोकांनी ऐकले. त्या साली थंडी कडाक्याची होती. पतंग दिसेनात, म्हणून कोणी फवारले नाही. पुढे बोंडे फोडून पाहिली तर आत अळ्याच अळ्या.

रोहण्याचे नामदेवराव किडक्या बोंडांची पिशवी घेऊन कॉलेजात आले. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, तुमचे पाखरं मले काऊन नाई दिसले? मी तं रोज पाहून राह्यलो होतो."

बाईंनी पतंगांचे पिंजरे उचलले आणि नामदेवरावांच्याच वावरात नेऊन ठेवले. उघड्यावरच्या थंडीत पतंग पहाटेची वाट पाहतच नव्हते. गावाची जेवणे आटोपून दारे लागत, तोवर त्यांचेही सारे आटोपलेले असे.

बाईंचा पीएच.डी.चा प्रबंध तेव्हा टंकून तयार होता. विभागप्रमुख म्हणाले, "खोलीत दिसलं ते खरंच आहे. देऊन टाका."

"खोलीत खरं आहे सर, रोहण्यात नाही," बाई म्हणाल्या आणि प्रबंध दिलाच नाही. पदवी लांबली आणि तिच्यावर अवलंबून असलेली जागा दुसऱ्याला गेली. त्याबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या, "वाईट वाटलं. फार वाटलं." मला आजही ती जागा गेल्याचा राग येतो, बाईंना येत नाही.

मग त्या रोहण्याला गेल्या. बरोबर मी होतो. जमलेल्या गावासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "चूक माझी झाली. तुमची बोंडं माझ्या शब्दापायी गेली." मला तिथून पळून जावेसे वाटत होते. अखेर नामदेवराव उठले.

"बाई, औषधवाले आले, साहेब आले. चुकलो असं सांगाले कोनी वापस नाई आलं. तुमी आल्या. आता सांगा, कवा पाहाचं?"

त्या संध्याकाळी जेवणे मागे ठेवून निम्मे गाव कंदील घेऊन पऱ्हाटीत उतरले होते.

बाई आता पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. गुडघे कुरकुरतात, नजर मात्र शाबूत आहे. आम्ही विद्यार्थी स्वतःच म्हातारे होत चाललो, तरी काही छापायला देण्याआधी त्यांच्याकडे नेतो. त्या शेवटपर्यंत वाचतात, चष्मा काढतात आणि विचारतात, "वावरात जाऊन पाहिलंत?" बहुतेक वेळा आम्ही पाहिलेले नसते. म्हणून बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही इच्छा त्यांच्यासाठी आहे तितकीच आमच्यासाठीही आहे.