सोनाबाईचं गाव

हे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत, की ते थोडे थोडे बदलत गेले असावेत, अशी मला भीती वाटते. एक सांगायला बसावं तर मागून दुसरा येतो, त्याला तिसरा ढकलतो, आणि कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडी गेलं ते कळत नाही. संख्याशास्त्रात पीएच.डी. केली मी, पण माझ्या आठवणीवर मी स्वतःच भरवसा ठेवत नाही. तेव्हा जरा बेतानं ऐका.

लातूर नुकतंच उस्मानाबादेतून वेगळं निघून जिल्हा झालं होतं, आणि त्यात दुष्काळ! मी नांदेड सोडून लातूरच्या कॉलेजात शिकवायला आलो होतो. शहराबाहेर एक वृद्धाश्रम होता. तिथं टँकरचं पाणी आणि धान्य माणशी मोजून मिळायचं. एक दिवस वरून फर्मान आलं: राहणाऱ्या सगळ्यांची माहिती भरून पाठवा. जे आपल्या जिल्ह्याचे नाहीत, त्यांची सोय जुन्या जिल्ह्यात होईल. व्यवस्थापक शिवाप्पा मला म्हणाले, "सर, तुम्ही आकड्यांतले माणूस. तुम्हीच भरा."

मी हो म्हटलं, आणि मग लक्षात आलं. माझ्या एका चुकीनं एखादं म्हातारं माणूस उचलून दुसरीकडं नेलं जाणार होतं!

*

पहिलेच उदगीरचे किशनराव.

"जन्माचा जिल्हा?"

"बिदर."

"म्हणजे कर्नाटक?" माझा पेन थांबला.

"तवा कुठलं कर्नाटक! निजामाचं राज्य व्हतं. मग उस्मानाबाद झाला. आता तुमी लातूर म्हणून राहिले. मास्तर, मी जागचा हाललो न्हाई, जिल्हेच येऊन जाऊन राहिले!"

मी तिन्ही जिल्हे लिहिले. मग घाबरून दोन खोडले. मग खाडाखोड दिसली तर काय होईल, म्हणून कागदच नवा घेतला.

*

औशाचे हैदरभाई शिंपी होते. हात इतके कापायचे की सुईत दोरा जाईना. मी 'व्यवसाय' पुढं 'काही नाही' लिहिलं, ते त्यांनी शेजाऱ्याकडून वाचून घेतलं.

"टेलर लिवा."

"पण हैदरभाई, आता तुम्ही शिवत नाही ना?"

"तुमी सुट्टीच्या दिवशी मास्तर नसता का? माझी सुट्टी जरा लांबली हाय, बस!"

*

दगडूअण्णांचा किस्सा सांगताना मात्र मला अजून अवघडल्यासारखं होतं. आश्रमात जागा फक्त निराधारांना.

"मूलबाळ?"

"न्हाई."

शेजारी एक माणूस डब्यातली भाकरी कुस्करून त्यांना भरवत होता. नाक, कपाळ, कान, सगळं अण्णांचंच!

"हे कोण?"

अण्णांनी पुढच्या घासाला तोंड उघडलं. त्या माणसानंच मान खाली घालून सांगितलं, "मी त्येंच्या गावचा हाय, सर."

मी निमूटपणे 'मूलबाळ नाही' असं लिहिलं. निघताना अण्णांनी त्या गावच्या माणसाला हाक मारली, "अरं, पोरीला सांग, आजा बरा हाय."

*

मग रुखमिणबाई. मुरूडकडच्या बोरवाडीची, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली.

"जात?"

"बौद्ध."

"आधीची?" असं विचारायला मला लाज वाटली, पण कागदावर तसा रकाना होता.

"ती सोडून लई वर्सं झाली, मास्तर. तुमी कशाला मागं जाऊन हुडकून राहिले?"

मी त्या रकान्यावर रेघ मारली.

तिच्या शेजारच्या खाटेवर सोनाबाई, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, शेतकरी मराठा घरातली. तिची अंघोळ, वेणी, घास, सगळं रुखमिणबाईच्या हातानं. 'जवळचं नातेवाईक' म्हटल्याबरोबर सोनाबाईनं शेजारी हात केला, "ही काय. बहीण हाय माझी."

शिवाप्पा हसले. "आजी, एक मराठा, एक बौद्ध. बहिणी कशा गं?"

"मला तर काई दिसत न्हाई, शिवाप्पा. तुला काय दिसतंय ते तुझं तू बघ!"

सगळे हसले. मग मी गाव विचारलं आणि हसू थांबलं. सोनाबाईचं गाव बोरवाडीच्या अगदी समोर, पण ओढ्याच्या पलीकडं. ते जुन्याच जिल्ह्यात राहिलं होतं. मध्ये फक्त एक कोरडा ओढा!

"तिला तिकडं धाडतेल?" रुखमिणबाईनं विचारलं. "तिला भरवंल कोण?"

मग तिनंच माझ्या कागदावर बोट ठेवलं.

"बोरवाडी लिवा, मास्तर. दोघींचं बोरवाडीच."

मी लिहिलं. त्यानंतर आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही.

*

तपासणीला साहेब आले. सकाळपासून रुखमिणबाई व्हरांड्यात बसून सोनाबाईकडून पाठ करून घेत होती, "वेशीत मारुती, म्होरं आड, आडाला लागून साळा. ध्यानात ऱ्हाईल ना?"

साहेबांनी कागद वाचला. "बोरवाडी? अरे वा! माझी मावशी बोरवाडीलाच दिलेली. माझी उन्हाळ्याची सुट्टी सगळी तिथंच जायची."

ते सोनाबाईकडं वळले.

"सांगा आजी, वेशीत काय हाय?"

सोनाबाई गडबडली. मग एकदम तिचा चेहरा उजळला. "वड हाय की! लई मोठा. अख्खं गाव त्येच्या पारावर बसतंय."

रुखमिणबाईनं तिचा हात गच्च धरला. शिवाप्पा छताकडं बघायला लागले.

साहेब सोनाबाईकडं बघत राहिले. मग त्या दोघींच्या हातांकडं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"हाव," ते म्हणाले, "त्याच वडाला आम्ही झोके बांधायचो." आणि सही केली.

सोनाबाई शेवटपर्यंत त्याच खाटेवर राहिली, रुखमिणबाईच्या शेजारी.

माझ्या डोक्यातून मात्र तो वड जाईना. रुखमिणबाईच सांगायला विसरली असेल का? की मीच चुकीचं ऐकलं? निवृत्त झाल्यावर एकदा औशाहून परतताना वाट वाकडी केली, मुरूडला उतरलो आणि विचारत विचारत बोरवाडी गाठली. वेशीत मारुती, पुढं आड, आडाला लागून शाळा. मारुतीच्या पायरीवर माझ्याहून थोराड एक म्हातारा बसला होता.

"बाबा, इथला वड कधी पडला?"

"वड?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हितं कवाच नव्हता. वड बघायचा तर वढ्याच्या पल्याड जावा."