जळक्या काकांची बॅग

मी साहित्यात एम.ए. केलं आणि मला विमानात जळायची नोकरी लागली.

म्हणजे असं. एका विमान कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात, मोठ्या हॉलमध्ये, विमानाचा एक तुकडा उभा आहे. रुंद पोटाचं, आत दोन वाटा असलेलं विमान. पंख नाहीत, शेपूट नाही. त्या जातीच्या विमानात जगात कुठेही भानगड झाली, की आमच्या प्रशिक्षक मॅडम ती इथे पुन्हा घडवतात. कधी इंजिन पेटतं, कधी चाक उघडत नाही. हवाईसेविका व्हायला आलेल्या मुली ओरडतात आणि आम्ही भाडोत्री प्रवासी घसरगुंडीवरून खाली येतो. धूर खोटा, खोकला खरा.

तिथे मला जळके काका भेटले. वीस वर्षं ते हेच करत होते. त्यांचं काम ठरलेलं, बॅग न सोडणारा प्रवासी. तपकिरी बॅग छातीशी धरून ते वाट अडवत आणि म्हणत, "जीव गेला तरी सोडणार नाही." समोरच्या मुलीने दणक्यात "बॅग सोडा, इकडे या" म्हटलं, की बॅग टाकून पळायचं. कित्येक मुली "प्लीज काका" म्हणत नापास झाल्या.

मी एकदा विचारलं, "खरं विमान कसं असतं, काका?"

"मला काय माहीत? मी कधी बसलोय?"

"एकदाही नाही?"

"त्याचे एवढे प्रताप बघितल्यावर कोण बसेल?"

पण त्यांची मुलगी समुद्रापलीकडे राहत होती. तिला मुलगी झाली होती. काकू एकट्या जायला तयार नव्हत्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत मुलीचा फोन आला. काकांचे हात खरकटे, म्हणून तो स्पीकरवर होता.

"बाबा, ती रांगायला लागली. आता ती चालत तुमच्याकडे यायची वाट बघताय का?"

"बघू."

"हे 'बघू' ती पोटात होती तेव्हापासून ऐकतेय. आता नाही आलात, तर मी परत विचारणार नाही."

काकांनी अर्धा डबा तसाच बंद केला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काकू चहा गाळत म्हणाल्या, "रोज जळून बरोबर जेवायच्या वेळेला घरी येतात हे. आणि नातीचं तोंड बघायचं म्हटलं की पाय गळतात."

"काका," मी म्हटलं, "वीस वर्षांत एकदा तरी त्या विमानातून बाहेर पडायचं राहिलंय का?"

"नाही. एकदा गुडघा खरचटला."

"मग?"

"तिथे आपल्या मॅडम नसतील."

"त्यांनीच शिकवलेल्या मुली असतील की," काकू म्हणाल्या.

काकांनी चहा संपवला. कप बशीत उपडा ठेवला. मग काकूंना म्हणाले, "खिडकी तू घे."

पुढचं मला काकूंनी तिथे पोहोचल्यावर फोनवर सांगितलं.

काकांनी केंद्रातली तीच बॅग मागून नेली होती. हाताला सवयीची म्हणून. उड्डाणाआधी हवाईसेविका आली आणि गोड आवाजात म्हणाली, "बॅग वर ठेवू का?" काकांनी ती छातीशी आवळली. "जीव गेला तरी सोडणार नाही."

लोक वळून बघायला लागले. काकूंना वाटलं, आता आपली वरात खाली. त्या मुलीने काकांकडे आणि बॅगेकडे निरखून बघितलं. मग तिने असा आवाज लावला, की मागच्या रांगेतलं बाळ रडायचं थांबलं. "बॅग सोडा, इकडे या."

काकांनी बॅग सोडली. "पास," ते म्हणाले.

"तेव्हा नापास केलं होतंत," ती म्हणाली.

त्यानंतर काका थेट विमान उतरल्यावरच जागे झाले. दार उघडताच हाताची घडी छातीवर घालून चालू लागले. दारात थबकून त्यांनी घसरगुंडी शोधली. काकूंनी मागून ढकललं.

बॅग अर्थातच विमानात वर राहिली. काकूंनी विणलेली सगळी झबली तिच्यात होती. त्यांच्या ते लक्षात आलं तोवर नात काकांच्या कडेवर होती आणि मुलगी डोळे पुसत हसत होती. मघाची हवाईसेविका बॅग घेऊन बाहेर आली. "काका, सामान."

"हात मोकळे नाहीत," काका म्हणाले.

काकू हे सांगत असतानाच फोनमध्ये मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, द्या आता तिला इकडे, भूक लागलीय तिला."

आणि काकांचा, "जीव गेला तरी सोडणार नाही."

"ऐकलंस?" काकू मला म्हणाल्या. "मोठ्या आवाजाची एखादी मुलगी असेल, तर पाठव इकडे."