तीन इंच तोकडे वासे

मिस्त्री माप काढताना माझ्याकडे पाठ करायचे. आता वाटतं, उजेडाकडे तोंड करत असतील. तेव्हा मात्र खात्री होती की माझ्यापासूनच लपवताहेत.

सातवीतून शाळा सोडलेला मी, गोंदियाकडून नाशकात आलो. पंचवटीतल्या तीन-चार सुतारांनी दारातूनच वाटेला लावलं. या मिस्त्रींनी ठेवून घेतलं, ओसरीवर झोपायला जागा दिली, घरची भाकरी दिली. ते उपकार मी आजही विसरलो नाही. पण परमुलखात माणूस उपकाराकडेही तिरकं बघतो. आपल्याला का ठेवलं असेल? कधी काढतील? त्यात स्लॅबची घरं वाढत होती, कौलांची कामं आटत होती. मिस्त्रींचा भाचा माझ्याच वयाचा, पंचविशीतला. दोघांपैकी एकाला काढायची वेळ आली तर भाच्याला कोण काढणार?

म्हणून ठरवलं, माप काढायची विद्या हातात हवी. महिनाभर त्यांच्या खांद्यावरून चोरून पाहिलं. ते लोखंडी गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, घ्यायचे. भिंतीपासून आढ्याखालपर्यंतचं आडवं अंतर दहा फूट असेल तर गुण्याच्या एका बाजूवर दहा इंचांवर खूण, भिंतीच्या वर आढ्याची उंची सहा फूट असेल तर दुसऱ्या बाजूवर सहा इंचांवर. दोन्ही खुणांवर तिरकी पट्टी धरायची आणि मोजायची. फुटाला इंच धरायचा, की वाशाची लांबी मिळाली. एवढं मला कळलं आणि मी मनातल्या मनात मिस्त्री झालो.

मग मिस्त्रींनी पिंपळगाव बसवंतला एका बागाईतदाराच्या घराच्या छपराचं काम घेतलं. वासे कापायच्या दिवशी त्यांना दुसऱ्या कामावर जायचं होतं. सकाळी भाचा येऊन म्हणाला, "मामांनी सांगितलंय, वासा अकरा फूट आठ इंच. आधी एकच कापायचा, वर लावून बघायचा, मग बाकीचे."

तो खिळे आणायला गेल्यावर मी गुण्या काढला. इथंही दहा आणि सहाच. पट्टी भरली अकरा इंच पाच सूत, वर केसभर. म्हणजे अकरा फूट पाच इंच. मग याचे आठ कुठून आले? दोनदा मोजलं, तेच. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा मला चुकीचं माप देतोय. सागाचं लाकूड वाया जाणार, नाव माझं होणार.

एक वासा लावून बघायचा तर दुसरं टोक धरायला भाचाच हवा, आणि त्याला तर काही कळू द्यायचं नव्हतं. तेव्हा तो येईपर्यंत मी सहाच्या सहा वासे कापून मोकळा झालो.

दुपारी पहिला वासा वर चढवला. आढ्याला टेकवला तर खालचं टोक भिंतीला पोचेना. दुसरा, तिसरा, तेच. भाच्यानं तिन्ही वासे उतरवून भिंतीशी नीट रचून ठेवले. त्याचं ते रचणंही मला डाव वाटलं.

संध्याकाळी मिस्त्री आले. वाशांकडे बघून विचारलं, "माप काय दिलं होतं?"

भाचा म्हणाला, "मामा, सांगताना माझीच चूक झाली."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मी मनात हिशोब मांडला. आज हा माझी चूक अंगावर घेतोय, उद्या तिची किंमत मागेल, जन्मभर त्याच्या मुठीत राहावं लागेल. प्रामाणिकपणापेक्षा त्या भीतीनंच मी बोललो, "नाही. यानं आठच सांगितलं. मी माझं माप काढलं."

"काढलं? काढून दाखव."

मी गुण्यावर पट्टी धरली. "अकरा इंच पाच सूत, वर केसभर. म्हणजे अकरा फूट पाच इंच."

"फुटात इंच किती?"

"बारा."

"आणि इंचात सूत?"

"आठ."

"मग पाच सुतांचे पाच इंच कसे होतील रे वऱ्हाड्या? गुण्यावरचं एक सूत म्हणजे वाशावर दीड इंच. पाचाचे साडेसात, वर तुझा केसभर. झाले आठ." ते वाशावर बसले. "चोरून बघितलं म्हणून अर्धंच शिकलास. विचारलं असतंस तर काय मी फी घेणार होतो?"

मी म्हणालो, "मी सामान बांधतो."

"कुठं चाललास? हे सहा पडवीला लागतील. मालकाशी मी बोलतो. उद्या नव्या लाकडावर माप तूच काढ, माझ्यासमोर."

परतीच्या एसटीत भाचा शेजारी बसला. मी विचारलंच, "चूक तुझ्या अंगावर का घेतलीस?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू गेल्यावर वर कोण चढणार? मला उंचीवर लय चक्कर येती."

मी मान डोलावली. मागच्याच आठवड्यात पंचवटीतल्या एका दुमजली घराच्या आढ्यावर घोड्यासारखा बसून त्याला मी निवांत बिडी ओढताना पाहिलं होतं.