निर्मनुष्य तळं

बॉथेलला आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ आठवडाभर सॉफ्टवेअर लिहितात आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी डोंगरातल्या एखाद्या तळ्यावर कॅनू घेऊन चित्रं काढायला जातात. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून वल्हं माझ्या हातात असतं. ते मांडीवर कागद घेऊन मागे बसतात आणि सूचना देतात, ‘‘यार, थोडं लेफ्टला घ्या. बस, आता हलू नका.’’ वारा सुटला की नाव एका जागी ठेवता ठेवता माझे खांदे भरून येतात.

घरी नवा डिजिटल कॅमेरा आहे, पण त्यात सगळंच येतं अशी त्यांची तक्रार असते. त्यांच्या चित्रात मोटारबोटी नसतात, काठावरचे तंबू नसतात. त्यांच्या अगदी पुढ्यात बसलेला मीही नसतो. ‘‘इथे माणसाचं पाऊलच पडलेलं नाही,’’ असं ते पाहुण्यांना अभिमानानं सांगतात.

परवा त्यांच्या घरी नवं चित्र बघताना माझ्या बायकोला राहवलं नाही. ‘‘दर रविवारी यांचे खांदे मी शेकते, आणि चित्रात हे कुठेच नाहीत?’’

ते गंभीरपणे म्हणाले, ‘‘वहिनी, ही काठाची रेघ बघा. कुठे हललीय? ती यांनीच धरून ठेवलीय.’’

इतके दिवस मनातल्या मनात या माणसावर चिडत होतो, याची मला भयंकर लाज वाटली.

‘‘शनिवारी फ्री आहात ना?’’ त्यांनी लगेच विचारलं.

‘‘हो,’’ मी म्हणालो.

बायकोनं एकदा त्या रेघेकडे बघितलं, एकदा माझ्या खांद्यांकडे.